कोणालाही न उठवता

दिग्रसच्या त्या शिक्षणसंस्थेच्या पाच शाळा आहेत, पण पाचही शाळांच्या फायली राहतात एका जिन्याखाली. पूर्वी तिथे लेझीम आणि गोळाफेकीचं सामान पडलेलं असायचं. आता जाळीच्या कपाटात एक काळं यंत्र अष्टौप्रहर घुमत असतं. मार्कांचे तक्ते, दाखले, हजेऱ्या, प्रश्नपत्रिका, सगळं त्याच्या पोटात. ऑफिसातल्या आणि संगणक हॉलमधल्या चौतीस संगणकांवरून जो तो आपापल्या फोल्डरमध्ये शिरतो आणि काम करतो. त्या यंत्राला सगळे सर्व्हर म्हणतात आणि त्या कपाटाची किल्ली जिच्या पर्समध्ये असते त्या कोकिळा गावंडेला सर्व्हरवाली मॅडम.

कोकिळा काही इंजिनिअर नाही. यवतमाळच्या कॉलेजातून बी.कॉम. झाली, लग्नानंतर दिग्रसला आली, संगणकाचा तीन महिन्यांचा कोर्स केला आणि दाखले टाइप करायला म्हणून संस्थेत लागली. नवरा मारेगावला कृषी खात्यात, शनिवारी येणार, सोमवारी पहाटेच्या गाडीने जाणार. घरात एरवी दोघीच, ती आणि दहावीतली समीक्षा. सर्व्हरचं काम तिच्याकडे आलं ते अंकुर नावाचा तरुण ऑपरेटर पुण्याला नोकरी लागून निघून गेला तेव्हा. जाताना त्याने चार दिवस तिला शिकवलं आणि एक वही दिली.

वहीवर भरवसा बसायच्या आधीच तिच्या हातून व्हायचं ते झालं. वार्षिक परीक्षेचे मार्क भरणं चालू होतं. कोणाच्या तरी फोल्डरची परवानगी बदलायची होती. तिने बदल केला आणि तो लागू व्हावा म्हणून सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. दीड मिनिटाचं काम. त्या दीड मिनिटात हॉलमध्ये बसलेल्या चौदा शिक्षकांच्या उघड्या फायली तुटल्या आणि दुपारभर भरलेले मार्क गेले. लोक काय काय बोलले ते तिला आजही शब्दशः पाठ आहे. एकटे देवराव सर काही बोलले नाहीत. ते तेव्हा परीक्षा विभागाचे प्रमुख, गणिताचे शिक्षक. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पहिल्या विद्यार्थ्यापासून सुरुवात केली आणि संध्याकाळपर्यंत एकशे ऐंशी जणांचे मार्क परत भरले. जाताना म्हणाले, "होते ताई. खडू पण मोडते."

त्या दिवसापासून कोकिळेने ठरवलं, की आपल्यामुळे बसलेला माणूस उठता कामा नये. अंकुरच्या वहीत उपाय होताच. सर्व्हर बंद करायचाच नाही. नियमांच्या फाईलमध्ये नवा नियम लिहायचा आणि सर्व्हरला फक्त सांगायचं, की नियम पुन्हा वाचून घे. तो चालता चालता वाचतो, आत बसलेल्यांना धक्का लागत नाही. अंकुरने त्याच्या भाषेत लिहून ठेवलं होतं: धाब्यावरच्या फळ्यावर भाजीचं नाव बदलायचं, पण जेवणाऱ्यापुढचं ताट ओढायचं नाही.

ती त्याच्याही पुढे गेली. काहीही बदलायच्या आधी आत कोण कोण आहे त्याची यादी काढायची, ती हातात घेऊन टेबलाटेबलाशी जायचं आणि विचारायचं, चालू द्या ना सर तुमचं, मी एक बारीकसं काम करतेय. लोक हसायचे. उत्तमसिंग शिपाई म्हणायचा, मॅडम मांजरासारख्या काम करतात, दूध कधी संपलं ते कळत नाही. तिला ते कौतुक वाटायचं. सहा वर्षांत तिने कोणालाही उठवलं नाही.

*

जानेवारीत, दहावीच्या सराव परीक्षेनंतर पाच दिवसांनी, संस्थेच्या सचिवांनी तिला बोलावलं. सदाशिवराव वयस्क, सावकाश बोलणारे. त्यांनी एक आंतर्देशीय पत्र तिच्यापुढे सरकवलं. पत्रावर नाव नव्हतं. भूमितीचा पेपर आधीच फुटला होता, असं त्यात लिहिलं होतं. आणि पुढे: सर्व्हरवाल्या बाईच्या मुलीला सहामाहीत चाळीसपैकी बावीस होते, आता अडतीस कसे आले ते बाईंनाच विचारा.

सदाशिवरावांनी खरोखरच विचारलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. डिसेंबरच्या अठरा तारखेला त्यांनीच तिला सांगितलं होतं, की सराव परीक्षेच्या फोल्डरला कुलूप लावा. पेपर काढणारे धम्मदीप सर, नवा परीक्षा विभाग आणि तुम्ही, एवढ्यांनाच तो उघडता आला पाहिजे. तिने त्याच दिवशी नियम बदलला होता. म्हणजे पेपर फुटला असेल तर तीनच दारं. आणि तिघांपैकी दहावीत मूल फक्त तिचं.

त्यांनी तिला मुदत दिली. सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनानंतर कार्यकारिणी बसणार होती. तोवर खुलासा लेखी द्यायचा. नाहीतर किल्ली जमा करायची, आणि समीक्षाच्या निकालाचं काय करायचं ते कार्यकारिणी ठरवणार. "मले तुमच्यावर संशय नाही मॅडम," ते म्हणाले, "पण लोकायले मी काय सांगू?"

पहिला विचार तिच्या मनात आला तो सर्व्हर बंद करून सगळं उलटंपालटं करून पाहायचा. पण हॉलमध्ये पाचही शाळांचे शिक्षक सराव परीक्षेचे मार्क भरत बसले होते. बंद केला असता तर लोकांनी म्हटलं असतं, पुरावा पुसला. चालू ठेवला तरी म्हणणार, आत बसून पुसतेय. तिने कपाटाला कुलूप लावलं आणि ते दोनदा ओढून पाहिलं.

मग तिला प्रत्येक चेहऱ्यात पत्र लिहिणारा दिसू लागला. पत्रातलं अक्षर मुद्दाम वाकडं काढलेलं होतं. हजेरीपटावरच्या सह्या ती एकेक करून पाहू लागली, कोणाचा 'र' असा आहे, कोणाचा 'ळ' तसा. चहाच्या वेळी ती आली की स्टाफरूममधलं बोलणं सोयाबीनच्या भावावर जायचं. धम्मदीप सर तर आठवडाभर तिच्याशी धड बोलतच नव्हते. तरुण, हुशार, संध्याकाळी विहारात मुलांना फुकट गणित शिकवणारा मास्तर. फुकट काहून शिकवतो, असं तिच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याची तिला लाजही वाटली. पण विचार गेला नाही. पेपर त्यानेच काढला होता. फोडायचा तर त्याच्याइतकं सोपं कोणाला होतं?

शेवटी तिने त्यांना जिन्यात गाठून विचारलं, सर, माझं काही चुकलं का? ते थांबले. म्हणाले, "मॅडम, माह्या पेपरात मी चोवीस लिहिलं होतं. छापून आलं पंचवीस. फोल्डरची किल्ली तुमच्यापाशी. आता तुमीच सांगा, मी काय समजू?"

म्हणजे पेपर नुसता कोणी पाहिला नव्हता, तर आत शिरून आकडाही बदलला होता. आणि धम्मदीप सर इतके दिवस गप्प होते ते तिच्यावरच संशय घेऊन.

*

शुक्रवारी सकाळी समीक्षा आंघोळीला गेली. कोकिळेने कणीक मळता मळता हात धुतले, बाहेरच्या खोलीत आली आणि मुलीचं दप्तर उघडलं.

हे करायच्या आधी ती चार दिवस स्वतःशी भांडली होती. पोरगी खोटं बोलत नाही. पण पोरगी शनिवारी शाळा सुटली की ऑफिसात येऊन बसते, आईचं काम होईपर्यंत. आईच्या खुर्चीत बसते. आईचा पासवर्ड काय आहे ते तिला माहीत असेल का? असेल, कारण तो तिच्याच जन्मतारखेचा होता. बावीसचे अडतीस झाले तेव्हा कोकिळेने पेढे आणले होते. आता तेच पेढे तिला आठवत होते.

दप्तरात वह्या, कंपास, केसांचे दोन रबर, अर्धवट खाल्लेलं चिक्कीचं पाकीट. आणि तळाशी जाड दोऱ्याने शिवलेला पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. असे गठ्ठे संस्थेत सगळ्यांच्या ओळखीचे. ऑफिसात एका बाजूने छापून वाया गेलेले कागद उत्तमसिंग गोळा करतो, कोरी बाजू वर ठेवून दाभणाने शिवतो आणि कर्मचाऱ्यांच्या पोरांना रफ कामाला वाटतो. त्याच्या आधीच्या शिपायापासूनची ती रीत. कोकिळेने गठ्ठा चाळला. कोऱ्या बाजूंवर समीक्षाची बीजगणितं. तिने सहज पानं उलटली. जुनी परिपत्रकं, सुट्टीचे अर्ज, आणि मधेच एक वर्तुळ, त्याला बाहेरच्या बिंदूतून काढलेली स्पर्शिका. त्रिज्या सात, अंतर चोवीस, बाजूला लाल पेनाची आकडेमोड.

सराव परीक्षेचा भूमितीचा पेपर, पान तीन.

न्हाणीतलं पाणी थांबलं. तिने ते पान दोऱ्यातून ओढून काढलं, घडी केली आणि ब्लाउजमध्ये खोचलं. दप्तर बंद केलं. समीक्षा केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, पोळ्या झाल्या नाहीत अजून? कोकिळा म्हणाली, होतात. तिला मुलीच्या तोंडाकडे पाहवेना. अडतीस मार्क खोटे, असं ती मनात म्हणत होती, आणि त्याच वेळी मुलीला डब्यात जास्तीचं लोणचं घालत होती.

ऑफिसात गेल्यावर तिने दार लावून कागद उघडला. पानाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापल्याची तारीख आणि वेळ होती: २६ डिसेंबर, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. तिने कॅलेंडर पाहिलं. शुक्रवार होता, शाळेचा दिवस, आणि समीक्षा तर त्या आठवड्यात सर्दीतापाने घरीच होती. कोकिळा स्वतः त्या दिवशी रजेवर होती, मुलीच्या उशाशी.

म्हणजे समीक्षाने छापलेला नाही. ती खुर्चीत मागे टेकली. लगेच दुसरा प्रश्न आला. सव्वीस तारखेला तर फोल्डरला कुलूप लागून आठ दिवस झाले होते. आत शिरलं कोण?

तिने सर्व्हरला आत बसलेल्यांची यादी मागितली. ही यादी तिने शेकडो वेळा काढली होती. पण ती नेहमी डावीकडची नावं वाचायची, कोणाच्या टेबलाशी जायचं ते कळावं म्हणून. उजवीकडे प्रत्येक नावापुढे तो कधीपासून आत आहे त्याची वेळ असते, तिकडे तिने कधी लक्ष दिलं नव्हतं. आज दिलं. बहुतेकांपुढे आजची सकाळ होती. एका संगणकापुढे होतं, १२ नोव्हेंबर.

तो जुन्या परीक्षा विभागाच्या खोलीतला संगणक होता. नोव्हेंबरच्या बारा तारखेपासून तो एकदाही बाहेर पडला नव्हता.

तिने अंकुरची वही काढली. त्या पानाच्या तळाशी पेन्सिलीने एक ओळ होती. तिने ती पूर्वी वाचली असणार, पण मनावर घेतली नव्हती. जो आधीच आत आहे त्याला जुनाच नियम लागू राहतो. तो बाहेर जाऊन परत आला की नवा लागतो. जेवणाऱ्यापुढचं ताट ओढायचं नाही, हे तिने लक्षात ठेवलं होतं. पण जो उठतच नाही तो जुनीच भाजी जेवत राहतो, हे ती विसरली होती. अठरा डिसेंबरला तिने दाराला कुलूप घातलं तेव्हा एक माणूस आतच होता, आणि तिने त्याला नेहमीप्रमाणे उठवलं नव्हतं.

त्या संगणकाची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. तो एकदा बंद झाला की चालू व्हायला दोन दिवस नखरे करायचा, म्हणून त्याच्यावर चिठ्ठी डकवलेली होती, बंद करू नये. इन्व्हर्टरवर तो चालू राहायचा. परीक्षा विभाग डिसेंबरच्या सुरुवातीला वरच्या मजल्यावर गेला, नवे संगणक आले. ती खोली मग अशीच राहिली, कोणाचीच नसलेली; यादी घेऊन फिरतानाही कोकिळा त्या रिकाम्या खोलीत जात नसे. तिथे बसतं तरी कोण?

कागदावर छापलेल्या वेळेच्या सुमाराला, तीन वाजून पाच मिनिटांनी, ती जिना न चढता त्या खोलीकडे गेली. दार नुसतं लोटलेलं होतं.

*

आत देवराव सर बसले होते. स्वेटर, मफलर, नाकावर चष्मा, हातात लाल पेन. नोव्हेंबरच्या तीस तारखेला ते निवृत्त झाले होते, शाल-श्रीफळ घेऊन, फोटो काढून. तिनेच त्यांच्या निरोपाचं पत्रक टाइप केलं होतं.

"या ना ताई," ते म्हणाले, जराही न दचकता. "हे पाहा, सरावाचा दुसरा पेपर काढला या नव्या पोरायनं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरच येत नाही. तीनदा करून पाह्यलं."

कोकिळा दारातच उभी राहिली. तिने विचारलं, सर, तुम्ही रोज येता? रोज कुठं, ते म्हणाले, जेवण झालं की येतो. घरी सून मालिका लावून बसते, नातू मोबाईलवर. इथं शांत असतं. एकतीस वर्षं प्रत्येक पेपर छापायला जायच्या आधी त्यांनी स्वतः सोडवून पाहिला होता. मुलांपुढे चुकलेलं गणित जाऊ नये, एवढंच. निवृत्त झाल्यावर ते काम कोणाकडे गेलं ते त्यांना कोणी सांगितलं नाही. आणि संगणक तर उघडाच होता.

"पण तुमाले कोणी सांगतलं होतं का, सर?"

"कोणी नाही म्हनलं का?"

खरंच कोणी नाही म्हटलं नव्हतं. सर्व्हरनेही नाही.

"भूमितीच्या पेपरात चोवीसचं पंचवीस तुमी केलं?"

"मंग?" देवराव सरांना बरं वाटलं, की कोणाच्या तरी लक्षात आलं. "त्या पोरानं सात आन् चोवीस घेतलं. उत्तर वर्गमुळात अडकलं. पोरं अर्धा तास तिथंच गुतली असती. कर्ण पंचवीस घेतला का बरोब्बर चोवीस येते. धम्मदीप हुशार हाय, पण घाई करते."

तिने टेबलाखाली पाहिलं. तिथे कागदाची बादली होती, सोडवून टाकलेल्या पानांनी अर्धी भरलेली. तिने विचारलं, हे कागद कुठे जातात? सरांनी आश्चर्याने पाहिलं. कुठे म्हणजे? परीक्षा विभागाच्या बादलीतले कागद उत्तमसिंग मागच्या अंगणात जाळतो, हा नियम त्यांनीच घालून दिलेला. एकतीस वर्षांत त्यात कधी खंड पडला नव्हता.

पण परीक्षा विभाग वर गेला तेव्हा जाळायची बादलीही वर गेली होती. खालची खोली आता साधी खोली होती आणि तिच्यातले कागद साधे कागद, एका बाजूने कोरे. उत्तमसिंग ते इमानाने शिवत होता. नंतर तिने त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मी तर उलटून पाह्यत बी नाही मॅडम, मले कुठं भूमिती येते. आठ-दहा गठ्ठे गेले असतील, कोणाकोणाच्या घरी. त्याच्या स्वतःच्या नातवाकडेही एक होता.

ते नंतर. तेव्हा खोलीत ती आणि देवराव सर, दोघंच. सर्व्हरवर एक ओळ लिहिली असती तर तो संगणक तिथल्या तिथे बाहेर फेकला गेला असता. पण सरांपुढे फाईल उघडी होती आणि त्यांचं दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं काम झालेलं होतं. तिला ते एकशे ऐंशी जणांचे मार्क आठवले.

"सर," ती म्हणाली, "मी तुमाले उठवत नाही. तुमीच बंद करा. आन् मंग पुन्हा उघडून पाहा."

त्यांना ती काय म्हणते ते कळलं नाही, पण त्यांनी ऐकलं. फाईल जपून ठेवली, बंद केली, फोल्डर बंद केलं. तिने त्यांच्या खांद्यावरून हात नेऊन सर्व्हरशी असलेली जोडणी तोडली. मग त्यांनी फोल्डरवर पुन्हा टिचकी मारली. पडद्यावर चौकट आली, परवानगी नाही. त्यांनी दुसऱ्यांदा मारली. तीच चौकट.

देवराव सरांनी चष्मा काढला. स्वेटरच्या कडेला पुसला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"अठरा डिसेंबर."

"मंग तवाच सांगायचं ना, ताई," ते म्हणाले. रागाने नाही म्हणाले. पेनाला टोपण लावलं आणि मफलर नीट करत उठले.

*

खुलासा लिहायला आता अडचण नव्हती. अडचण एकच होती. बाकीचे गठ्ठे पोरांनी वापरून टाकून दिले होते, पुरावा म्हणून तिच्याकडे तेवढा एकच कागद होता, तारीख आणि वेळ छापलेला, आणि त्याच्या पाठीमागे समीक्षाच्या हातची बीजगणितं. तो दिला की कोकिळा सुटत होती. पण पेपर मुलीच्या दप्तरात होता हेही सिद्ध होत होतं. नाही दिला तर तिच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार?

जेवण झाल्यावर तिने कागद समीक्षापुढे ठेवला.

मुलीने तो ओळखला. आधी कागदाकडे पाहिलं, मग आईकडे.

"तू माह्यं दप्तर पाह्यलं."

"हो."

"मले इचारलं असतं तर सांगतलं नसतं का?"

कोकिळा म्हणाली, आता विचारते. समीक्षाने सांगितलं. गठ्ठा उत्तमकाकांनी दिला होता. एकदा कागदाची कोरी बाजू संपली म्हणून तिने उलटून पाहिलं, तर भूमितीचे प्रश्न, बाजूला लाल पेनाने सोडवलेले. जुना कुठला पेपर असेल असं वाटलं. तिला स्पर्शिका कधीच समजली नव्हती. त्या लाल अक्षरावरून पहिल्यांदा समजली, मग तिने तशी वीस गणितं केली पुस्तकातली. परीक्षेत पेपर हातात आला तेव्हा ते वर्तुळ दिसलं. तेच, फक्त चोवीसच्या जागी पंचवीस.

"तवा मी काय करायचं होतं, आई? हात वर करायचा होता का?"

कोकिळेने कागदाची घडी घातली. तिने एवढंच विचारलं, की त्या दिवशी घरी आल्यावर का सांगितलं नाहीस? समीक्षा म्हणाली, "तू पेढे आणले होते." आणि ताट उचलून मोरीकडे गेली. जाता जाता म्हणाली, देऊन टाक तो कागद.

*

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटून झाली, आणि कार्यकारिणी बसली. कोकिळेने दीड पानाचा खुलासा वाचून दाखवला. त्यात पहिलंच वाक्य होतं, की चूक माझी आहे. नियम बदलताना आत असलेल्यांना मी बाहेर काढलं नाही. देवराव सरांचं नाव तिने शेवटी आणि साध्या शब्दांत घेतलं. सभेतल्या एकाने विचारलं, म्हणजे तुम्ही मुद्दाम उठवत नव्हत्या? ती म्हणाली, हो, मुद्दाम. तो शेजाऱ्याकडे पाहून हसला. धम्मदीप सर साक्षीला होते. त्यांनी कागदावरचा चोवीसचा आकडा पाहिला, लाल पेनातलं पंचवीस पाहिलं, आणि म्हणाले, सरांचं बरोबर आहे, माझंच चुकलं होतं. बाहेर आल्यावर त्यांनी कोकिळेला नमस्कार केला.

किल्ली तिच्याकडेच राहिली. भूमितीची परीक्षा सगळ्या मुलांची पुन्हा घ्यायची ठरली. उत्तमसिंगला ताकीद मिळाली आणि गठ्ठे शिवणं बंद झालं. देवराव सरांना संस्थेने पत्र पाठवलं, की पेपर तपासण्यासाठी मानद म्हणून यावं. ते आले नाहीत. आता कोकिळा काही बदलायचं असलं की यादी घेऊन तशीच फिरते, पण म्हणते, सर, जरा बाहेर पडून परत आत या. लोक कुरकुरतात. एकजण परवा म्हणाला, काय हो, आता आमच्यावर पण संशय?

दुसऱ्यांदा झालेल्या परीक्षेत समीक्षाला एकतीस मिळाले. बावीसपेक्षा खूप जास्त, अडतीसपेक्षा कमी. कोकिळेला वाटलं, आता तरी लोक गप्प होतील.

आठवड्याने दुसरं आंतर्देशीय आलं. तेच वाकडं अक्षर. सदाशिवरावांनी ते कपाळाला हात लावून तिच्याकडे दिलं, फाडून टाका म्हणाले. तिने ते घरी आणलं. पत्रात लिहिलं होतं, की बाईच्या मुलीने या वेळी मुद्दाम कमी मार्क घेतले, संशय येऊ नये म्हणून.

समीक्षाने ते उभ्याउभ्याच वाचलं. "पाह्य," ती म्हणाली, "याले तरी वाटते का मी हुशार हाव."

दोघी हसल्या. महिनाभरात घरात असं हसणं झालं नव्हतं. पण हसता हसता कोकिळेच्या मनात पुन्हा हिशोब सुरू झाला. एकतीस. पोरीने वीस गणितं केली होती म्हणे. मग नऊ कुठे गेले? ती भांडी आवरत राहिली. दप्तर दाराशी, खुंटीखाली पडलेलं होतं. उत्तरपत्रिका त्यातच असणार.

ती दप्तराजवळ गेली नाही. तिने विचारलं.

"समीक्षा, मुद्दाम सोडलं का काही?"

समीक्षा वहीत काहीतरी लिहीत होती.

"एक सोडलं," ती म्हणाली. "स्पर्शिकेचं. बाकीचे खरंच चुकले."

"येत होतं ना ते तुले?"

"येत होतं म्हणूनच सोडलं. त्या कागदावरूनच तर आलं होतं."

"चार मार्काचं होतं ते."

"मालूम हाय," समीक्षा म्हणाली, आणि पुढच्या ओळीवर गेली.